फोन ठेवल्यानंतर

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. शिकलेली माणसं मला श्रवणयंत्र म्हणतात, पण त्या भारदस्त नावाने मला घरात कुणी हाक मारली नाही. "मशीन घातलंस का गं?" एवढंच काय ते माझं नाव निघायचं. आकाराने मी शेंगदाण्याएवढा. मला तोंड नाही, त्यामुळे आयुष्यभर नुसतं ऐकून घेत आलो. आज मात्र बोलणार आहे. मधेच उठून जाऊ नका हं, कारण माझ्या गोष्टीत एका माणसाचं फार मोठं नुकसान झालं आहे आणि ते भरून येणारं नाही.

माझा जन्म एका छोट्या खोलीत झाला. तिथला कारागीर मोठा गमत्या माणूस होता. समोर बसलेल्या आजींच्या उजव्या कानात त्याने गुलाबी मऊ लगदा भरला आणि म्हणाला, "आता हलायचं नाही बरं का आजी, कानात सिमेंट भरतोय." आजी हसल्या आणि त्या हसण्याने साचा बिघडला. मग पुन्हा लगदा, पुन्हा दटावणी. शेवटी त्या कानाच्या वळणावळणांचा ठसा निघाला, त्यावरून माझं अंग घडवलं गेलं, आत बारीक तारा बसल्या आणि एक गोल सेल घातला. पहिल्यांदा मला कानात बसवलं तेव्हा समोरच्या खुर्चीवरची एक बाई पुढे वाकून म्हणाली, "ताई, ऐकू येतंय का गं?"

मी ऐकलेला हा पहिला आवाज. आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. समोर बसली होती ती त्यांची धाकटी बहीण. तीच मागे लागून, रुसून, भांडून त्यांना तिथे घेऊन आली होती. तेव्हापासून माझ्यासाठीही त्या ताईच झाल्या. त्यांना आजी, आई, सासूबाई म्हणणारे पुष्कळ होते, पण मी आणि धाकटी, आम्ही दोघे त्यांना ताई म्हणायचो. एका कानात राहिल्यावर अहोजाहो कसली? मी आपला अरे-तुरेवरच आलो.

ताईचा डावा कान वयाने पार गेला होता. उजवा अधू का झाला, तेही सांगतो. तिने सारी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली होती. त्या काळी दूरच्या गावाशी बोलायचं तर मध्ये एक माणूस बसलेला असे. तो दोन्हीकडच्या तारा जोडून द्यायचा. ते काम ताईचं. उजव्या कानाला सतत हेडफोन, त्यात खरखर, शिट्ट्या आणि लोकांची घाई. कुणाला मुलगा झाला, कुणाचं कोण गेलं, सगळं तिच्या कानावरून जायचं आणि तिने ते कानातच ठेवायचं. तिथे रुजू झाली त्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला बजावलं होतं, "आपण लाइन कधी तोडायची नाही. समोरचा ठेवेपर्यंत धरायची. आपण आधी ठेवला म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार आपटलं." ताईने ते असं मनावर घेतलं की नोकरी संपली तरी सवय सुटली नाही.

घरी कुठला तरी विमा विकणारा फोन करायचा. सूनबाई एका शब्दात वाटेला लावायची. ताई मात्र त्याचं सगळं पुराण ऐकून घ्यायची, वर विचारायची, "जेवलास का रे बाळा?" समोरचाच बिचारा कंटाळून ठेवून द्यायचा. सूनबाई तोंडाला पदर लावून हसायची. धाकटी तर भारीच चिडवायची. ती दुसऱ्या गावात एकटी राहायची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. दुपारची जेवणं झाली की तिचा फोन ठरलेला. मग शेवटी दोघींचं सुरू व्हायचं, "तू ठेव." "नाही, तू ठेव." धाकटी म्हणायची, "ताई, मी ठेवला नाही ना, तर तू उद्या दुपारपर्यंत अशीच बसशील फोन धरून." मग तिलाच ठेवावा लागायचा.

ते दिवस माझ्या सुखाचे. ताई मला रोज मऊ फडक्याने पुसायची. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "याच्यामुळे माझी बहीण मला परत मिळाली." फोन कानाला फार दाबला की मी शिट्टी मारतो, ही माझ्या जातीची खोड. त्यावर ती रागावायची नाही, फोन जरा लांब धरायची. आणि त्या दोघींचा एक बेत होता, त्यात मीही मनाने सामील होतो. धाकटीच्या गावात तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मागे थोडी मोकळी जागा. तिथे दोघींनी एकत्र राहायचं. संसार झाले, नोकऱ्या झाल्या, आता उरलेले दिवस दोघी बहिणींचे. ताईने त्यासाठी साठवलेले पैसे बँकेत होते. मुलगाही म्हणाला होता, "आई, तुला बरं वाटत असेल तर खुशाल जा, मी सामान घेऊन येतो."

आणि मग तो फोन आला.

सकाळची वेळ. मुलगा कामावर गेला होता, सूनबाई भाजी आणायला. पलीकडून अदबशीर, गोड आवाज आला, "नमस्कार मॅडम. टेलिफोन ऑफिसमधून बोलतोय. तुम्ही आपल्याच खात्यातल्या ना? एक्सचेंजला होता तुम्ही?"

ताई एकदम ताठ बसली. किती वर्षांनी कुणीतरी तिला त्या नात्याने ओळखलं होतं! त्याला हे कुठून कळलं, कोण जाणे. असली माणसं कुठून कुठून आपली माहिती गोळा करतात आणि तीच आपल्यापुढे टाकतात. आपण मात्र भोळेपणाने समजतो की, एवढं माहीत आहे म्हणजे माणूस आपलाच असणार.

तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावावर कुणीतरी दुसरा नंबर घेतलाय. त्यावरून लोकांना धमक्या जाताहेत. संध्याकाळपर्यंत तुमची लाइन तोडावी लागेल. पोलीसही येतील चौकशीला."

"माझी लाइन?" ताईचा आवाज इतका बारीक झाला की मलाच तो मोठा करावा लागला. तिच्या लेखी लाइन म्हणजे धाकटी. लाइन तुटली म्हणजे दुपारचा फोन गेला.

"घाबरू नका. मी आहे ना. फक्त फोन ठेवू नका, ठेवलात तर प्रकरण वर जाईल. आणि घरात कुणाला बोलू नका, चौकशी गुप्त आहे."

मित्रांनो, खऱ्या ऑफिसातला माणूस कधी म्हणेल का, की घरच्यांपासून लपवून ठेवा? ज्याला उजेडात काम करायचं आहे तो दार लावून घ्यायला सांगत नाही. पण भीतीने एकदा मनाचा ताबा घेतला की एवढा साधा हिशेब सुचत नाही. ताईने फोन कानाशी घट्ट दाबला. मी शिट्टी मारली. तिने दाबलेला ठेवला, मी पुन्हा मारली. दुसरं मला येतंय काय?

"मॅडम, हा कसला आवाज?" त्याने विचारलं.

"माझं कानाचं मशीन आहे हो, माफ करा," ताई म्हणाली. अहो, चोराची माफी मागितली हो तिने!

मग तो म्हणाला, की तुमच्या मोबाइलवर मेसेजमध्ये एक आकडा येईल, तो फक्त वाचून दाखवा, म्हणजे लाइन वाचेल. मेसेजमध्ये खाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं, पण चष्मा आतल्या खोलीत होता आणि हा फोन ठेवू देत नव्हता. आकडे तेवढे मोठे होते. ताईने एकेक आकडा सुटा करून सांगितला. "चार. पुन्हा सांगते, चार. मग नऊ. पुन्हा सांगते, नऊ." एक्सचेंजमध्ये सांगायची तस्साच. "वा, मॅडम! जुन्या माणसांची सर कुणाला येत नाही," तो म्हणाला आणि ताईच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. पुन्हा आकडा आला, पुन्हा तिने वाचला. काम झाल्यावर त्याने आभार मानले आणि फोन बंद केला. तोवर ताईने तो धरून ठेवला होता.

दुपारी धाकटीचा फोन आला. "आज गप्प गप्प का गं?" तिने विचारलं. सगळं सांगावं असं ताईच्या ओठांवर आलं होतं, पण चौकशी गुप्त ना! ती म्हणाली, "डोकं दुखतंय जरा." तिथेच वेळ हातची गेली. त्याच क्षणी कुणाला सांगितलं असतं तर बँकेने थोडंफार तरी अडवलं असतं, असं पुढे तिथले साहेब म्हणाले. पण पुढे म्हणजे केव्हा, तर मुलगा खोल्यांचं डिपॉझिट भरायला बसला आणि खात्यात काही नाही हे पाहून ओरडला तेव्हा.

त्याची पळापळ मी पाहिली. बँकेत फोन, पोलिसांत फोन, तक्रार, हेलपाटे. बिचारा घामाघूम झाला होता. आईच्या कष्टाचा पैसा गेल्याचं दुःख त्यालाही होतंच की. पण ते दुःख रागाच्या वाटेने बाहेर आलं. "आयुष्य फोनवर काढलंस ना तू? एवढं कळलं नाही तुला? कळत नाही तर उचलतेस कशाला फोन?" ताई खाली मान घालून ऐकत होती. आणि मित्रांनो, माझं काम तर आवाज मोठा करायचं. त्याचा प्रत्येक शब्द मी आणखी मोठा करून तिच्या कानात ओतत होतो. त्या दिवशी माझा सेल संपला असता तर बरं झालं असतं.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, खरं सांग. त्या मेल्या चोरालासुद्धा 'पुन्हा सांगते' म्हणालीस?" ताई म्हणाली, "हो गं." आणि दोघी हसायला लागल्या, अगदी खोकला येईपर्यंत. हसता हसता ताई रडली. धाकटी म्हणाली, "जाऊ दे. पैसे गेले, तू आहेस ना. आपण दोन खोल्यांऐवजी एक घेऊ." त्या रात्री ताईला झोप लागली.

मुलाने मात्र मनावर घेतलं होतं. आईला पुन्हा कुणी फसवायला नको. त्याने नियम करून दिला, अनोळखी नंबर दिसला की लाल बटण दाबायचं, हॅलोसुद्धा म्हणायचं नाही. नियम सांगून तो थांबला नाही, शिकवणीही घेतली. सुट्टीच्या दिवशी मित्राचा फोन आणून तो शेजारच्या खोलीतून ताईला फोन करायचा. ताई सवयीने उचलायची. मग तो दारात येऊन म्हणायचा, "बघ, परत उचललास! काय करावं तुला!" ताई ओशाळायची. हळूहळू तिला जमायला लागलं. लाल बटण दाबून झाल्यावर ती उगीचच पुटपुटायची, "माफ करा हं." एकदा ओळीने सगळ्या वेळा तिने बरोबर फोन तोडला, तेव्हा मुलगा खूश होऊन म्हणाला, "शाब्बास, आई!" सूनबाईनेही मान डोलावली. सगळ्यांना वाटलं, चला, शिकली.

पण शिकवणी अर्धीच झाली होती. फोन ठेवायचा, हे सांगितलं. ठेवल्यावर काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं.

एके दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. ताईने लाल बटण दाबलं. लगेच पुन्हा वाजला. तिने पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, जुन्या हाताने हिरवं बटण दाबलं गेलं. एका तरुण मुलीचा घाईचा आवाज आला, "आजी, तुम्ही ताई ना? मी दवाखान्यातून बोलतेय, नर्स. तुमच्या बहिणीला इथे आणलंय, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. फोन ठेवू नका हं, मी त्यांच्याजवळ नेते..."

ताईने मनात एकेक जुळवलं. अनोळखी नंबर. घाई. आपली सगळी माहिती. आणि तेच शब्द, फोन ठेवू नका. यांना माझ्या बहिणीचाही पत्ता लागला की काय! तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

शेजारच्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला. ती इस्त्री करत होती. "कुणाचा होता हो फोन, आई?"

ताई सांगू शकली असती. सूनबाईने धाकटीच्या शेजारणीला एक फोन लावला असता तर लगेच सगळं कळलं असतं. पण सांगायचं म्हणजे उचलला हे कबूल करायचं. मग संध्याकाळी मुलगा येणार, दारात उभा राहणार आणि म्हणणार, परत उचललास! ताई म्हणाली, "कुणाचा नाही गं. राँग नंबर."

दुपार झाली. जेवणं आटोपली. धाकटीचा फोन आला नाही. ताई पलंगावर फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. असेल कामात, असेल झोपली, असं मनाशी म्हणत राहिली. उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा मात्र तिला राहवेना. तिने धाकटीचा नंबर लावला. पलीकडून सकाळचाच आवाज आला.

"आजी, सकाळी तुम्हीच होतात ना? त्यांचा फोन बंद पडला होता, आत्ता चार्ज केलाय. म्हणून तेव्हा मी माझ्या फोनवरून लावत होते. तुमचा नंबर त्यांना तोंडपाठ होता." मग त्या मुलीने आवाज हळू केला. "त्या दुपारी गेल्या, आजी. शेजारच्या बाई होत्या त्यांच्याजवळ. मी त्यांना सांगितलं, की तुमच्या ताई फोन कट करताहेत. तर त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, माझी ताई कधी फोन ठेवत नाही, तुमचीच लाइन खराब असेल."

 ताईने फोन तसाच कानाशी धरून ठेवला. त्या पोरीने "आजी, आजी" करून पाहिलं आणि शेवटी तिनेच तो ठेवला.

धाकटीचं दिवसकार्य झालं, तिथे शेजारणीकडून मुलाला त्या तोडलेल्या फोनांचं कळलं, आणि मग एका सकाळी ताईने मला कानातून काढलं. रोजच्यासारखं फडक्याने पुसलं, सेल काढला आणि डबीत ठेवलं. त्यानंतर तिने मला घातलेलं नाही. मी काही बिघडलेलो नाही, मित्रांनो. नवा सेल घातला तर आजही पान पडल्याचा आवाज ऐकवीन. पण तिला आता काही ऐकायचं नाही.

डबीचं झाकण काचेचं आहे, त्यातून मला दिसतं. मुलगा रोज कामावरून आला की तिच्याजवळ पलंगावर बसतो. तिचा हात हातात घेतो. काहीतरी बोलतो. त्याचे ओठ हलताना पाहून मला कळतं तो काय म्हणतोय ते, कारण रोज तो तेच म्हणतो, "आई, माझं चुकलं गं. मी तुला असं बोलायला नको होतं." ताई त्याच्याकडे पाहून मायेने हसते, मान हलवते आणि म्हणते, "हो रे, जेवले मी."

मित्रांनो, ताईने तो फोन ठेवला, ही तिची चूक नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो. फोनवर कुणी घाई करत असेल, भीती घालत असेल, आकडे विचारत असेल, कुणाला सांगू नका म्हणत असेल, तर तो खुशाल ठेवा. समोरचा कितीही गोड बोलो, ठेवा. मेसेजमध्ये आलेला आकडा कुणालाही, अगदी कुणालाही वाचून दाखवू नका. पण फोन ठेवला की हातावर हात ठेवून बसू नका. ज्याच्याबद्दल फोन आला, त्याला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. तो उचलत नसेल तर त्याच्या शेजाऱ्याला करा, नातलगाला करा. फोन ऑफिसच्या नावाने आला असेल तर त्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून विचारा. पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेला बँकेला आणि पोलिसांना सांगा, लाज गिळून सांगा.

आणि जे अजून फसलेले नाहीत, त्यांच्यासाठी माझी एक विनंती. तुमच्या घरातलं कुणी असं फसून तुमच्यासमोर उभं राहिलं, तर आधी त्यांना खाली बसवा, पाणी द्या. रागवायचंच असेल तर त्या चोरावर रागवा. कारण उद्या पुन्हा फोन वाजेल, तुम्ही शेजारच्या खोलीतून विचाराल, "कुणाचा होता?" आणि तेव्हा त्यांना तुम्हाला खरं सांगायची भीती वाटता कामा नये.